नाचायच्या अल्बमला ठाय लयीत कसं आणायचं

माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, हिंगणघाट तालुक्यात. लग्नसराई संपली की बॉक्स गोडाऊनमध्ये जातात आणि मी लॅपटॉप काढून बसतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे पार्टीचे हिप-हॉप अल्बम ह्यूस्टनच्या पद्धतीने संथ करायचे, ही माझी जुनी आवड. दर सीझनला कोणी ना कोणी पोरगा विचारतोच, दादा, हे करता कसं? म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

आपल्याकडे हिंदी गाणं स्लो करून वर रिव्हर्ब (घुमारा) ओततात, ते हे नव्हे. हे काम सुरू झालं टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात. रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनियर, जन्म १९७१, सगळे त्याला डीजे स्क्रू म्हणत. नव्वदच्या दशकात तो घरात दोन टर्नटेबल मांडून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या एकदम लावायचा. टर्नटेबलचा वेग पिचच्या दांडीने फार तर ८ टक्के खाली जातो, म्हणून मिक्स टेपवर घेतल्यावर ती टेपच आणखी हळू करायचा. मित्र गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि तो ती पूर्ण टेप त्यांच्यासाठी बनवून द्यायचा. कॅसेट घ्यायला घरासमोर गाड्या उभ्या राहायच्या, शेवटी १९९८ मध्ये त्याने दुकानच टाकलं. हे संगीत ह्यूस्टनमध्ये गाडीत वाजत मोठं झालं, हळू चालणाऱ्या गाडीत.

शिकायला क्रंक घ्या. मेम्फिस आणि अटलांटाकडचा हा हिप-हॉपचा प्रकार, ओळी छोट्या, ओरडून म्हणायचं पालुपद, आणि मधे भरपूर मोकळी जागा. लिल जॉन अँड द ईस्ट साइड बॉइज यांचा २००२ चा ‘किंग्ज ऑफ क्रंक’ सरावाला चांगला. फक्त क्लीन आवृत्ती घ्या. वेगात जी शिवी कानावरून निघून जाते, ती संथ झाली की अक्षर न् अक्षर ऐकू येते, आणि आपल्या घरात ओसरीवर आजी बसलेली असते.

फाइल विकत घेतलेली, चांगल्या दर्जाची हवी. १२८ केबीपीएसच्या (हलक्या दर्जाच्या) एमपी३ मध्ये साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं काही उरलेलं नसतं. ती पाऊण वेगाने वाजवली की तीच मर्यादा १२ हजारावर येते, आणि हाय-हॅट (ड्रमची झांज) गोणपाटाखाली वाजतंय असं वाटतं. सीडीवरून काढलेली वेव्ह फाइल सगळ्यात उत्तम.

आता वेग. ऑडॅसिटी हे आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. गाणं उघडा, सगळं सिलेक्ट करा, इफेक्टमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ घ्या (जुन्या आवृत्तीत नुसतं ‘चेंज स्पीड’). शेजारीच ‘चेंज टेम्पो’ दिसेल, त्याला हात लावू नका. त्याने लय उतरते पण आवाज होता त्याच पट्टीत राहतो, आणि या कामाचा सगळा जीव आवाज खाली येण्यात आहे. २५ टक्के कमी केलं की आवाज पाच पट्ट्या उतरतो. पेटीवर बघायचं तर काळी चारमध्ये गाणारा काळी दोनमध्ये येतो. आमच्या गावच्या भजनी मंडळात म्हातारे बुवा पद आधी ठाय लयीत म्हणतात, तेव्हा कुठे अभंगाचा एकेक शब्द पोचतो. इथेही तेच साधायचं आहे.

किती टक्के, याचं एकच उत्तर नाही. मी आधी गाण्याचा वेग मोजतो. ठोके मोजत ३२ ठोक्यांना किती सेकंद लागले ते घड्याळात बघायचं, आणि ३२ गुणिले ६० भागिले ते सेकंद. पार्टीची बरीच गाणी मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास असतात, ती २५ टक्क्यांनी ७५ वर येतात. पण त्याच अल्बमात एखादं गाणं मुळातच ८० चं असतं. त्यालाही २५ लावलं तर ते ६० वर जातं आणि बसकण मारतं. त्याला ८-१० टक्के पुरे. सगळ्या गाण्यांना एकच टक्केवारी लावणं मला साफ नामंजूर आहे. अल्बम सलग ऐकताना लय एका पातळीवर राहिली पाहिजे, टक्के वेगवेगळे झाले तरी चालतील. खालची हद्द तुमचा कान ठरवेल. रॅपरचे ‘त’ आणि ‘क’ फुटेनासे झाले की दोन टक्के परत वर या.

बेसचं मात्र धंद्याच्या अनुभवाने सांगतो. वेग कमी झाला की प्रत्येक आवाजाची फ्रिक्वेन्सी त्याच प्रमाणात उतरते. या संगीताचा मोठा, लांबणारा बेस रोलंड टीआर-८०८ या १९८० च्या ड्रम मशीनच्या घराण्यातला. समजा तो ५० हर्ट्झला आहे. पाऊण वेगाला तो साडेसदतीसवर जातो, आणि आपले १८ इंची बॉक्स ४० च्या खाली दमतात. कोन नुसता पुढे-मागे हलतो, आवाज येत नाही, अँप गरम होतो, कॉइल जळते ती वेगळी. म्हणून मंडपात वाजवायचं असेल तर १८ टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. ५० चा बेस ४१ वर थांबतो आणि जमीन हलते. हेडफोनसाठी २५ चालेल. दोन्हीकडे ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापून टाका.

इथवरचं काम कोणीही अर्ध्या तासात करेल. कारागिरी पुढे आहे, चॉपमध्ये.

चॉप म्हणजे शब्द किंवा ठोका परत वाजवणं. नवीन माणूस तो तुकडा कॉपी करून मधेच घुसवतो. मग चार ठोक्यांच्या आवर्तनात पाचवा येतो, आणि ऐकणाऱ्याची मान अडखळते. पूर्वी माझ्याकडे केबल ओढणाऱ्या पोराने असंच एक ऐकून विचारलं होतं, “दादा, पेनड्राइव्ह खराब झाला का जी?” स्क्रूची रीत बघा. दोन तबकड्या, दुसरी पहिलीच्या एक ठोका मागे. फेडर (कोणत्या तबकडीचा आवाज बाहेर जाईल ते ठरवणारी दांडी) दुसरीकडे सरकवला की आत्ताच गेलेला ठोका परत ऐकू येतो. तेवढ्या वेळात पहिली तबकडी थांबलेली नसते, ती पुढे गेलेली असते. फेडर परत आणला की गाणं जिथे असायला हवं तिथेच सापडतं. परत आलेला ठोका पुढच्या ठोक्याची जागा खातो, नवी जागा मागत नाही. आवर्तन शाबूत!

ऑडॅसिटीत हे असं होतं. संथ केलेला ट्रॅक सिलेक्ट करून कंट्रोल-डी दाबा, खाली तसाच दुसरा ट्रॅक तयार होतो. ७५ च्या लयीत एक ठोका ०.८ सेकंदाचा (६० भागिले ७५). दुसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीला बरोबर ०.८ सेकंदाची शांतता घाला, म्हणजे तो एक ठोका मागे पडला. आता जिथे चॉप हवा तिथे वरच्या ट्रॅकवर ०.८ सेकंद सिलेक्ट करून कंट्रोल-एलने गप्प करा, आणि खालचा ट्रॅक फक्त तेवढ्या जागी बोलता ठेवा, बाकी सगळीकडे गप्प. सिलेक्ट केल्यावर झेड दाबायला विसरू नका. त्याने कापाची जागा लाटेच्या शून्यावर सरकते आणि ‘टक्’ असा आवाज येत नाही. गाणी मशीनच्या ठोक्यावर बनलेली असतात, त्यामुळे एकदा बसवलेलं ०.८ गाणं संपेपर्यंत जुळून राहतं. अर्धा ठोका, म्हणजे ०.४ मागे ठेवलात तर चॉप फडफडतो. तो एका गाण्यात एखाद-दोनदा बरा.

चॉप कुठे घालायचा? ओळीच्या शेवटच्या शब्दावर, जिथे यमक पडतं. पालुपदात सगळे मिळून ओरडतात तिथे चौथ्या ठोक्यावर. गोष्ट सांगणाऱ्या कडव्यात अजिबात नको, तिथे रॅपरला बोलू द्या. मी एका कडव्याला दोनाच्या वर चॉप देत नाही. बेस लांबत असताना मधेच कापलात तर जमिनीखालून पाट काढून घेतल्यासारखं होतं, म्हणून बेस पडून विरेपर्यंत थांबा.

स्क्रू आपल्या टेपवर मधे बोलायचा, मित्रांची नावं घ्यायचा, आणि टेपच हळू केल्यामुळे त्याचा आवाजही जड येतो. तुम्हालाही दोस्ताचं नाव घ्यायचं असेल तर वेग कमी करण्याआधी मूळ ट्रॅकवर बोला. संथ झाल्यावर वरून बोललात तर तो आवाज परका वाटतो.

एक गोष्ट पोरांना तळमळीने सांगतो. या संगीताच्या नावाने खोकल्याच्या औषधाची नशा करणारे आहेत, तिथेही, इथेही. स्क्रू १६ नोव्हेंबर २००० ला गेला, वय २९, शरीरात अशाच औषधात असणारं कोडीन सापडलं. त्याच्या तबकड्या आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत, आणि तो तीस वर्षांचाही झाला नाही. हे ऐकायला कान लागतात, बाटली लागत नाही.

झालेलं काम ट्रॅक्टरवर तपासा. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन असते, पोरं मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलेली असतात, तेव्हा मी ट्रॅक्टरच्या डेकला लावून ऐकवतो, हळू आवाजात. लाउडस्पीकरला तर रात्री १० ते सकाळी ६ बंदीच आहे. इंजिन सुरू ठेवून एकदा ऐका, बंद करून एकदा. इंजिनच्या घरघरीतही शब्द कळले तर मधल्या आवाजाचं, म्हणजे शब्दांचं, काम जमलं. नाही कळले तर बेस दोन-तीन डेसिबल कमी करा, आवाज वाढवू नका.

शेवटी गाणी क्रमाने ०१, ०२ अशी नावं देऊन ३२० च्या एमपी३ मध्ये काढा. डेकला लावायचा पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बहुतेक डेक दुसरं काही वाचत नाहीत. तासाभराचा अल्बम सगळा पाऊण वेगाने केला तर ८० मिनिटांचा होतो, एका सीडीत काठोकाठ बसतो. आणि हे स्वतःसाठी ठेवा. दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय विकू नका, कुठे टाकूही नका.