आत्महत्येच्या विचारांवरील प्रश्नावलीची वैधता कशी तपासावी

नैराश्यावर उपचार घेणाऱ्या प्रौढांच्या मनातील आत्महत्येचे विचार किती तीव्र आहेत, हे मोजण्यासाठी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांची २१ कलमी प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. रुग्ण ती स्वतः भरतो. तिची मराठी आवृत्ती जे मोजायचे तेच मोजते का, म्हणजे तिची वैधता, तपासायची असेल, तर सुरुवात संख्याशास्त्रापासून करू नये. भरलेली प्रत्येक प्रश्नावली रुग्ण ओपीडीतून बाहेर पडण्याआधी कोण वाचणार, कोणत्या उत्तरावर मनोविकारतज्ज्ञांना तत्काळ बोलवायचे आणि नातेवाइकांना कधी विश्वासात घ्यायचे, हे एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या आराखड्यातच लिहिलेले असावे. जिवाला धोका दिसल्यास गोपनीयता पूर्णपणे पाळता येणार नाही, हे संमतिपत्रात स्पष्ट सांगावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या हाती द्यावा. पूर्वीच्या प्रयत्नाविषयी लिहिले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, अशी धास्ती अनेकांना असते. म्हणून मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न तीव्र ताणाखाली झाल्याचे गृहीत धरले जाते, हेही समजावून सांगावे. असे प्रश्न विचारल्याने विचार बळावतात, या समजुतीला संशोधनाने दुजोरा दिलेला नाही.

मूळ हक्कधारकांची परवानगी, दोन स्वतंत्र अनुवाद, उलट अनुवाद (पुन्हा मूळ भाषेत) आणि काही रुग्णांसोबत एकेक प्रश्न वाचून त्यांना काय उमगले याची विचारपूस, हा क्रम परिचित आहे.

खरी कसोटी विश्लेषणात लागते. या प्रश्नावलीत चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला शून्य गुण मिळाले, तर रुग्ण सहावा ते एकोणिसावा हे प्रश्न सोडून थेट विसाव्याकडे जातो आणि सोडलेल्या प्रश्नांना शून्य धरले जाते. म्हणजे ही शून्ये रुग्णाने दिलेली उत्तरे नसतात, ती रचनेतून आलेली असतात. तीच आकडेमोडीत घेतली की प्रश्नांचा परस्परसंबंध फुगतो, क्रॉनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा) देखणा येतो आणि घटक विश्लेषणात (प्रश्नांमागे किती वेगळे पैलू आहेत हे शोधणाऱ्या पद्धतीत) जणू एकच भक्कम घटक दिसतो. म्हणून सर्व प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यांचे विश्लेषण वेगळे मांडावे आणि नमुन्याचा आकार ठरवताना याच गटाची संख्या धरावी. गुण शून्य, एक, दोन अशा क्रमवाचक स्वरूपाचे असल्याने अशाच गुणांसाठी असलेल्या पॉलिकोरिक सहसंबंधांवर आधारित पद्धत वापरावी. हे न सांगता नुसता अल्फा छापणाऱ्या शोधनिबंधावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पुनर्चाचणीचे, म्हणजे तीच प्रश्नावली त्याच रुग्णांकडून पुन्हा भरून घेण्याचे, अंतर काही दिवसांचेच ठेवावे. आत्महत्येचे विचार दिवसागणिक चढतात-उतरतात, उपचारांनी ओसरतात. त्यामुळे महिन्याभराने गुण बदलले, तर तो प्रश्नावलीचा दोष आहे असे मानता येत नाही.

तुलनेचा निकष म्हणून आत्महत्येचे विचार व वर्तन तपासणाऱ्या कोलंबिया मापनश्रेणीवर आधारित मुलाखत घ्यावी आणि मुलाखतकाराला प्रश्नावलीचे गुण कळू देऊ नयेत. सोबत निराशेची (भविष्याबद्दल आशा न उरण्याची) मापनश्रेणी ठेवावी. तिच्याशी संबंध चांगला, पण संपूर्ण नसावा. नैराश्याची एकूण तीव्रता वजा केल्यावरही हा संबंध टिकतो का, हे नैराश्यग्रस्तांच्या नमुन्यात आवर्जून पाहावे. अन्यथा आपण नैराश्यच दुसऱ्या नावाने मोजत असू.

कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून धोका मानायचा ती मर्यादा, ठरवताना भाकिताचा मोह टाळावा. समजा, १,००० रुग्णांपैकी १० जण पुढे प्रयत्न करणार आहेत आणि प्रश्नावलीची संवेदनशीलता (प्रयत्न करणाऱ्यांना धोक्यात दाखवण्याचे प्रमाण) व विशिष्टता (न करणाऱ्यांना सुरक्षित ठरवण्याचे प्रमाण) प्रत्येकी ८० टक्के आहे. तिने धोक्यात दाखवलेल्या २०६ जणांपैकी प्रत्यक्षात प्रयत्न करणारे फक्त ८ असतील, आणि तिने सुरक्षित ठरवलेल्यांत उरलेले २ असतील. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये अशा मापनश्रेणींवरून भावी आत्महत्येचे भाकीत करू नये, असेच सांगितले. त्यामुळे मुलाखतीच्या तुलनेत सध्याचे विचार किती अचूक ओळखले जातात, एवढाच दावा निबंधात करावा, आणि एका रुग्णालयात काढलेला कट-ऑफ दुसऱ्या ठिकाणच्या स्वतंत्र नमुन्यावर पडताळल्याशिवाय शिफारस म्हणून छापू नये.