न्यू जर्सीत घराजवळचं चांगलं इटालियन शोधताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: घरापासून दहा मिनिटांवर एक इटालियन ठिकाण ठरवून टाका. बुधवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला, आईबाबा भारतातून आलेत, लेकाची टीम जिंकली, अशा वेळी फार विचार न करता जाता येईल असं. या राज्यात अशी ठिकाणं गावोगाव आहेत. तरी बरेच जण वर्षानुवर्षं मोठ्या चेन रेस्टॉरंटलाच जातात, कारण शोधण्याची सुरुवातच चुकते.

पाटी बघून पुढे जाणं

इथली कितीतरी चांगली ठिकाणं बाहेरून अगदी साधी दिसतात. स्ट्रिप मॉलमध्ये लाँड्री आणि नेल सलॉनच्या मध्ये एक पिझेरिया असतो. समोर काउंटर, काचेमागे स्लाइस, बाजूला सोड्याचा फ्रिज. त्या फ्रिजशेजारून आत गेलं की मागे दहा-बारा टेबलांची खोली असते. तिथे टेबलक्लॉथ असतात, वेट्रेस असते, आणि पूर्ण जेवणाचा मेनू वेगळाच असतो. आम्ही अशाच एका ठिकाणाहून चार वर्षं फक्त पिझ्झा घरी आणत होतो. मागे खोली आहे याचा पत्ताच नव्हता! आता कुठेही गेले की आधी एक साधा चीज स्लाइस खाऊन बघते. सॉसला टोमॅटोची चव आहे की नुसत्या साखरेची, कडा खरपूस आहे की पुठ्ठ्यासारखी, हे तिथेच कळतं.

"हे काही खरं इटालियन नाही"

रोमची ट्रिप करून आलेल्यांकडून हे फार ऐकू येतं. ही वेगळी खाद्यपरंपरा आहे आणि तिला तिच्याच मापाने मोजायला हवं. साधारण 1880 ते 1924 या काळात 40 लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत आली. त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, नेपल्सच्या परिसरातली, कालाब्रियाची, सिसिलीची. गावी मटण-मांस सणासुदीलाच मिळायचं, इथे ते परवडू लागलं. म्हणून मीटबॉल मोठे झाले आणि स्पगेटीवर जाऊन बसले, वांग्याच्या पार्मिजानाची (तळलेले काप, टोमॅटो सॉस आणि चीज यांचे थर) चिकन पार्म झाली. रोममध्ये आल्फ्रेडो सॉस म्हणजे लोणी आणि पार्मेझान, इथे त्यात क्रीम आलं. काउंटरवरचे आजोबा मोझरेलाला "मुट्झरेल" आणि रिकोटाला "रिगॉट" म्हणाले तर समजा, शब्दाचा शेवट गिळणारी ती दक्षिणेकडची बोली अजून त्या घरात टिकून आहे. मला ते ऐकायला फार आवडतं.

शाकाहारी आहात, पण विचारत नाही

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सांगलीहून आई आली होती. पहिल्याच संध्याकाळी तिला एका ठिकाणी मिनेस्ट्रोनी मागवून दिलं. भाज्या, राजमा, पास्ता, वरून सगळं आपल्याच जेवणासारखं. आईने दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, "अगं, याला वास कसला येतोय?" विचारलं तर कळलं, सूप चिकनच्या पाण्यात उकळलेलं होतं. मेनूवर तसं लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून ऑर्डर देण्याआधीच विचारते. सूपचा स्टॉक कशाचा आहे? मरिनारा वेगळ्या भांड्यात होतं का? मरिनारा एरवी टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह ऑइलचा साधा सॉस असतो, पण काही घरांत मीटबॉल आणि सॉसेज घालून तासन् तास रटरटवलेला "संडे ग्रेव्ही"च सगळीकडे वाढतात. व्होडका सॉसमध्ये पँचेटा, म्हणजे डुकराचं मांस, असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे असतात. अस्सल पार्मिजानो-रेजानो तर वासराच्या रेनेटनेच (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या जठरातला पदार्थ) बनतं, त्यामुळे काटेकोर पाळणाऱ्यांनी वरून चीज नको म्हणून सांगावं. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांना कुणी वैतागत नाही, आत जाऊन विचारून येतात. नुसतंच "हो, हो, व्हेज आहे" असं उत्तर आलं तर मी तिथे चीज पिझ्झाच्या पुढे जात नाही.

पहिल्याच भेटीत भलतंच काहीतरी मागवणं

स्पेशलच्या फळ्यावरचं लॉबस्टर रॅव्हियोली पुढच्या वेळी. पहिल्यांदा एगप्लांट पार्म मागवा. वांगं आपल्याला कळतं, त्यामुळे कुणी फसवू शकत नाही. चांगल्या स्वयंपाकघरात काप पातळ असतात, थरावर थर दिसतात, काटा सहज खालपर्यंत जातो आणि सॉस वांग्याला बुडवत नाही. जाड चकती, आतून कच्ची, स्पंजासारखी, ब्रेडक्रंबचं आवरण ओलं होऊन सुटलेलं, असं समोर आलं तर घाई आणि फ्रीझर दोन्ही दिसले.

शनिवारी सात वाजता जाणं

त्या वेळी उत्तम स्वयंपाकघरही गडबडतं. मंगळवारी किंवा बुधवारी सहाच्या सुमाराला जा (सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात). कोण बसलंय ते बघा. युनिफॉर्ममधली मुलं, एकटे जेवणारे आजोबा ज्यांचं पाणी न मागता येतं, अशी माणसं दिसली की मी निर्धास्त होते.

बार नाही म्हणून नाक मुरडू नका. न्यू जर्सीत रेस्टॉरंट-बारचे दारूचे परवाने लोकसंख्येवर ठरतात, साधारण 3000 रहिवाशांमागे एक, आणि ते फार महाग जातात. म्हणून कितीतरी छान ठिकाणं "बीवायओबी" आहेत, वाइनची बाटली आपली आपण न्यायची.

गेलात, पण जमलं नाही?

पास्ता फार मऊ आला तर पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच "अल देंते", म्हणजे दाताला किंचित कडक लागेल असा, सांगा. सपक वाटलं तर टेबलावर लाल मिरचीचे फ्लेक्स असतात, पण आधी सॉस तसाच चाखा. जेवण ठीकठाक होतं पण माणसं चांगली होती, तर दुसऱ्यांदा जाऊन मेनूचा दुसरा भाग बघा. कुठे हात पास्त्यावर बसलेला असतो, कुठे कटलेटवर. ब्रेड गार, मरिनारा गोड आणि प्रश्नांना उत्तर नाही, असं तिन्ही एकत्र घडलं तर मात्र दुसरं ठिकाण शोधा.

ताटातलं उरणारच, वाढण्याचं प्रमाण तसंच असतं. बॉक्स मागताना संकोच नको. एगप्लांट पार्म दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये त्याचा लगदा होतो, आणि ब्रेडच्या दोन तुकड्यांमध्ये घालून डब्याला द्या.