संक्रांतीचं वाण घरी करायचं तर

वाणाचा विचार जानेवारी उजाडल्यावर सुरू केला की हात आपसूक प्लास्टिकच्या वाट्या-डब्यांकडे जातो. डझनावर स्वस्त मिळतात हे खरं, पण प्रत्येकीच्या कपाटात तशा वाट्यांची चळत आधीच असते. वाण रोज हाताखाली यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मार्गशीर्षातच मी विटलेली सुती साडी बाहेर काढते आणि पालेभाजीच्या पिशव्या शिवायला घेते.

साडी सुतीच हवी. सुती कापड भाजीचं पाणी शोषून घेतं, त्यामुळे न धुता, निवडून ठेवलेली मेथी फ्रिजमध्ये लवकर सडत नाही. सिंथेटिक कापडात ती लगेच चिकट होते. साडी आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून इस्त्री करा. मग दोन्ही काठ कापून बाजूला ठेवा, ते नाडीसाठी लागतील. उरलेल्या कापडाचे १३ इंच रुंद आणि ३० इंच लांब तुकडे करा. पन्ह्यात तीन बसतात. विरलेला भाग वगळला तरी एका पाचवारीत पंधरा पिशव्या सहज होतात, नऊवारी असेल तर विचारूच नका.

तुकड्याच्या दोन्ही आखूड बाजू दीड-दीड इंच दुमडून नाडीसाठी नेफा शिवायचा. मग सुलट बाजू आत घेऊन तुकडा मधोमध दुमडायचा आणि दोन्ही कडांना नेफ्याच्या खालपर्यंत टीप मारायची. नेफ्याची तोंडं उघडी राहिली पाहिजेत, नाहीतर नाडी ओवता येणार नाही. काठ उभा चिरून, दुमडून शिवला की नाडी तयार. ती बत्तीस इंचांची ठेवा आणि सेफ्टी पिनेला अडकवून ओवा. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, तीही मजबूत बसते. खर्च काय तो दोऱ्याचा.

पिशव्या मोजताना फक्त हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका मोजू नका. शेजारच्या काकांच्या मागे एकट्या राहणाऱ्या काकू, भांडी घासायला येणाऱ्या मावशी, कॉलेजात जाणारी भाची, सगळ्यांची नावं कागदावर लिहा. तिळगूळ आणि वाण देताना कपाळावरचं कुंकू बघायची पद्धत आता मोडायलाच हवी. काकूंना बोलावणं धाडा, सगळ्यांबरोबर बसवा आणि पिशवी त्यांच्याही हातात द्या.

पिशवीत तिळाच्या चार वड्या ठेवायच्या. लाडवाला चिक्कीचा गूळ लागतो, वडीला साधा गूळच बरा, म्हणजे दात नसलेल्या आजीलाही खाता येते. पाव किलो तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. निम्मे मिक्सरमधून भरड काढा, निम्मे अख्खे राहू द्या. त्यात सव्वाशे ग्रॅम दाण्याचं कूट, मूठभर भाजलेलं सुकं खोबरं आणि वेलदोड्याची पूड मिसळून ठेवा. साडेतीनशे ग्रॅम गूळ बारीक चिरून दोन चमचे तूप आणि दोन चमचे पाण्याबरोबर मंद आचेवर विरघळवा. फेस आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघा. बोटांनी मऊ गोळी वळली की गॅस लगेच बंद. वाटीत टण्ण वाजेपर्यंत थांबलात तर तो पाक लाडवाचा झाला.

इथून पुढे घाई करायची. तुपाचा हात लावलेलं ताट आणि लाटणं आधीच तयार हवं. तिळाचं मिश्रण पाकात घालून ढवळा, ताटात ओता, लाटण्याने सारखं करा आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. गार झाल्यावर सोडवा. मिश्रण मध्येच कोरडं पडलं तर चमचाभर पाणी घालून पुन्हा मंद आचेवर ठेवा, सैल होतं. एवढ्या साहित्यात पन्नासेक वड्या होतात.

घरात लहान बाळ असेल तर बोरन्हाणाचे हलव्याचे दागिनेही घरी होतात. तयार संच महाग असतात आणि बाळ ते पाच मिनिटांत ओढून टाकतं! चांगला काटेरी हलवा घ्या. पांढरा जाड दोरा दुहेरी करून दोन पदरांमध्ये एक-एक दाणा धरायचा आणि दोन्ही बाजूंनी गाठ मारायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. हार आणि बाजूबंद असेच होतात. मुकुटासाठी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून त्यावर काळं कापड चिकटवा आणि हलव्याच्या सरी टाके घालून बसवा. बाळाच्या गळ्यात गाठ पक्की बांधू नका, मागे सैल फीत ठेवा म्हणजे ओढली की सुटेल. बाळाच्या अंगावर ओतायला चुरमुरे, बोरं, उसाचे करवे पुरेत. आजूबाजूची मोठी मुलं ते वेचून खातात. मात्र बाळाच्या मुठीत बोर किंवा हलव्याचा दाणा राहिला नाही ना, एवढं नीट बघा.

संक्रांतीला जमलं नाही तर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाण करता येतं. दागिने आदल्या दिवशी केलेत तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुंग्या लागतात.