पोर्ट उघडूनही घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही? आधी हे बघा

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं) बरोबर केलंय, तरी ऑफिसातून घरचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, उघडत नाही. पोर्टशी झटत बसण्याआधी एवढं करा:

१. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमचा जुना आयपीव्ही४ पत्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत सामायिक आहे. पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा, काही उपयोग नाही.

२. लगेच स्टॅटिक आयपीचे (कायम तोच राहणाऱ्या पत्त्याचे) जादा पैसे भरू नका. राउटरमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो) चालू करून राउटर रीस्टार्ट करा. स्टेटसमध्ये २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आला, की अर्धं काम झालं. नाही आला तर कस्टमर केअरला फोन करून चालू करून मागा.

३. डीव्हीआरमध्येही आयपीव्ही६ चालू करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता टिपून घ्या. एफई८० ने सुरू होणारा घेऊ नका, तो घराबाहेर चालत नाही.

४. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत) फक्त त्या पत्त्यासाठी डीव्हीआरचा तेवढाच पोर्ट उघडा.

ब्राउझरमध्ये पत्ता चौकोनी कंसात टाकायचा आणि पोर्ट कंसाबाहेर. इथेच बहुतेकांचं अडतं. तपासताना मोबाइलचं वायफाय बंद ठेवा. राउटर रीस्टार्ट झाल्यावर पत्ता बदलू शकतो, म्हणून आयपीव्ही६ चालणारं डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला एकच कायमचं नाव देणारी सेवा) लावलेलं बरं.

कंटाळून अख्खी फायरवॉल मात्र बंद करू नका. घरातलं प्रत्येक यंत्र थेट बाहेर उघडं पडेल, आणि डीव्हीआरचा पासवर्ड बहुधा अजून कंपनीचाच असेल.