जुनी घरे पाहायला जाताना: नागपूरकरांसाठी शनिवार-रविवारची वाट

नागपूरहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरावरचे किल्ले आणि मंदिरे पाहणारे पुष्कळ असतात. परंतु माणसे जिथे राहिली, जेवली, आजारी पडली आणि जिथून एके दिवशी कायमची निघून गेली, अशी घरे पाहण्यासाठी मुद्दाम सुटीचा दिवस काढणारे थोडेच. घर पाहण्याची रीत वेगळी असते. किल्ल्याचा तट दुरून दिसतो, घर मात्र आत जाऊन थोडा वेळ बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की एका दिवसात एकच घर पाहावे, फार तर दोन, आणि उरलेला वेळ त्या गावात घालवावा.

सवय करायची असेल तर सुरुवात आपल्याच महाल भागापासून करावी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले आणि पुढे रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी आणली. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाने नटलेला राजवाडा मात्र १८६४ साली आगीत नष्ट झाला. त्यामुळे त्या काळातील राहणी समजून घ्यायची तर चिटणवीसपुरा आणि आसपासच्या गल्ल्यांतून पायी फिरावे लागते. रविवारी सकाळी रहदारी सुरू होण्यापूर्वी गांधी गेटपासून चालायला लागावे आणि घरांकडे खालून वर पाहत जावे: आधी दगडी जोते, मग दरवाजाची चौकट, मग माडीचे कठडे. ही घरे लोकांच्या वापरात आहेत, हे लक्षात ठेवून रस्त्यावरूनच पाहावे. तासाभराच्या अशा फिरण्याने डोळा तयार होतो आणि बाहेरगावी गेल्यावर काय पाहायचे ते आपोआप सुचू लागते.

बाहेरगावची पहिली फेरी सेवाग्रामची करावी, कारण घर कसे वाचावे हे शिकवणारी याहून चांगली जागा आपल्या परिसरात नाही. नागपूरहून वर्धा सुमारे ७५ ते ८० किलोमीटर आणि वर्ध्याहून आश्रम ८ किलोमीटर आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ‘सेवाग्राम’ नावाचे स्थानक म्हणजे पूर्वीचे वर्धा पूर्व; ते आश्रमाला लागून नाही, तेथूनही रिक्षा करावी लागते. गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटीनेही वर्ध्याला सहज जाता येते.

गांधीजी या गावी प्रथम आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागल्याने १९४० साली ‘सेवाग्राम’ हे नाव रूढ करण्यात आले. आश्रमात शिरल्यावर बहुतेक पाहुणे थेट बापू कुटीकडे वळतात. मी सुचवीन, की घरे ज्या क्रमाने वापरात आली त्या क्रमाने पाहावीत. आधी आदि निवास पाहावे. या एकाच दालनात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे-जाणारे पाहुणे असे सगळे एकत्र राहत. त्या जागेत पाच मिनिटे उभे राहिले, की बांसाठी, म्हणजे कस्तुरबांसाठी, वेगळी कुटी का बांधावी लागली हे कोणी सांगावे लागत नाही; इतक्या पुरुषमाणसांच्या वावरात एका वयस्क स्त्रीला आडोसा म्हणून नव्हता. त्यानंतर बा कुटीत जावे.

बापू कुटी ही मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची झोपडी. नंतर ती वाढवून गांधीजींच्या वापरासाठी दिली गेली. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, शेणाने सारवलेली जमीन, एवढेच साहित्य. भिंतीवर मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि मोर आहेत; ते तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, स्पष्ट दिसतात. बसण्याची जागा, लिहिण्याचे छोटे मेज आणि टेकण्याची फळी यांची उंची पाहावी. ही खोली जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठी रचलेली आहे, त्यामुळे उभ्या उभ्या पाहिली तर ती रिकामी वाटते आणि खाली बसल्यावर सगळ्या वस्तू हाताच्या अंतरावर असल्याचे लक्षात येते. जेथे बसण्याची परवानगी आहे तेथे चटईवर अवश्य बसावे. पादत्राणे बाहेर काढावीत, आवाज खाली ठेवावा आणि कुटीच्या आत फोटो काढू नयेत.

शेजारच्या कार्यालयात दोन वस्तू आहेत, त्यांच्यापाशी मुलांना थांबवावे. एक म्हणजे व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून बसवलेला दूरध्वनी, आणि दुसरी म्हणजे साप न मारता पकडून दूर नेऊन सोडण्याचा पिंजरा व चिमटा. साम्राज्याचा प्रतिनिधी आणि रानातला साप या दोघांशीही व्यवहार करण्याची सोय एकाच मातीच्या छपराखाली होती, हे मुलांच्या चटकन लक्षात येते. पुढे परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. नकाशा पाहणारा माणूस ही कुटी किती लहान आहे ते पाहतो. मी दरवेळी ती बापू कुटीपासून किती जवळ आहे ते पावलांनी मोजतो.

महादेव कुटी पाहताना एक गोष्ट मनात ठेवावी. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनासाठी येथून जी मंडळी निघाली, त्यांपैकी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत असतानाच वारले. दोन्ही घरांचे रहिवासी परत आलेच नाहीत. शेवटी आखिरी निवास पाहावे. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथूनच निघाले आणि त्यांचेही पुन्हा येणे झाले नाही. प्रार्थनाभूमीवर त्यांनी लावलेला पिंपळ आणि बांनी लावलेली बकुळ आहे, तेथे सावलीत बसून मगच बाहेर पडावे. मुक्काम करायचा असल्यास समोर यात्री निवास आहे, आणि मुक्काम करणाऱ्याला सायंप्रार्थनेला बसता येते, हा मोठा लाभ आहे.

परतताना दोन गोष्टी वाटेवरच आहेत. वर्ध्यात मगनवाडीतील मगन संग्रहालय आहे, त्याचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते डिसेंबर १९३८ मध्ये झाले. चरखे, घाणी आणि ग्रामोद्योगाची अवजारे येथे पाहिली, की आश्रमातील घरांचा अर्थ अधिक खुलतो. गावातील लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली दलितांना खुले केले. गोरस भांडारातून गोरसपाक हे बिस्कीट घेतल्याशिवाय वर्धेकर पाहुण्याला जाऊ देत नाहीत, आपणही घ्यावा.

दुसरी जागा पवनार. धाम नदीच्या काठावरच्या परमधाम आश्रमात विनोबा १९३८ साली राहायला आले, आणि बागेसाठी जमीन खणताना तेथे प्राचीन मूर्ती सापडल्या. राम-भरत भेटीचे शिल्प त्यांपैकीच. १९५९ साली विनोबांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, आणि ते आजही राहते घर आहे. तेथील बहिणी स्वयंपाक, शेती, झाडलोट स्वतः करतात. म्हणून येथे सेवाग्रामपेक्षाही अधिक जपून वागावे, कामात असलेल्या व्यक्तीला मधेच थांबवून प्रश्न विचारू नयेत आणि विसाव्याच्या वेळी जाऊ नये. चार वाजल्यानंतर पोहोचणे उत्तम. ऊन उतरलेले असते आणि नदीपात्रातील छत्री शांतपणे पाहता येते. गांधीजींच्या अस्थी या नदीत विसर्जित झाल्या होत्या आणि १२ फेब्रुवारीला येथे मेळा भरतो.

आता खरी अवघड गोष्ट, ती म्हणजे खाजगी वाडे. उमरेड, कुही, भिवापूर, पवनी, काटोल या बाजूंना गावोगाव मालगुजारांचे वाडे आहेत. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात गावाचा शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. जुन्या मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ते हक्क संपले. उत्पन्न गेले, वाटण्या झाल्या, मुले नागपूर-पुण्याला गेली, आणि वाड्यात एखादे वृद्ध जोडपे उरले. अशा घरावर कोणतीही पाटी नसते, तिकीट नसते, आणि आपला तेथे काडीचाही हक्क नसतो.

मी एकदा याच भागातील एका वाड्यासमोर भर दुपारी दोन वाजता जाऊन कडी वाजवली. आतून आलेले गृहस्थ झोपेतून उठून आले होते. त्यांनी रागावण्याऐवजी “बसा, आधी पाणी घ्या,” असे म्हटले, आणि मला इतके ओशाळल्यासारखे झाले, की तेव्हापासून मी ओळखीशिवाय कोणत्याही वाड्यात गेलो नाही. ओळख काढणे कठीण नसते. गावातील शाळेचे गुरुजी, मंदिराचे पुजारी किंवा चौकातील किराणा दुकानदार यांच्यापाशी आपले नाव, गाव आणि येण्याचे कारण सांगावे. ते वाड्यात निरोप पाठवतात. आधीच्या आठवड्यात फोन करून दिवस ठरवणे त्याहून बरे. पेरणी आणि मळणीचे दिवस टाळावेत. सकाळी नऊ ते साडेअकरा ही वेळ सोयीची असते. घरातील वडीलधाऱ्यांना ‘काकाजी’, ‘काकू’ म्हणावे, हातात संत्री किंवा घरचा फराळ असावा, पैसे मात्र देऊ करू नयेत. वाड्यात देव असेल तर त्याच्यापुढे ठेवावेत.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा आपल्याकडचे अनेक वाडे आपण होऊन दार उघडतात. गावात सोयरा-स्नेही असेल तर त्या दिवशी दर्शनाला जावे. एरवी कुलूपबंद असलेले दालन त्या दिवशी झाडून, रांगोळी घालून, समयांनी उजळलेले पाहायला मिळते, आणि ते घर ज्यासाठी बांधले होते त्या कामात दिसते.

आत गेल्यावर पुढील क्रम ठेवावा. मोठ्या दरवाजातला लहान दिंडी दरवाजा वाकून ओलांडावा लागतो; ते वाकणे मुद्दाम योजलेले आहे. पुढे देवडी, तेथे राखणदार बसे. मग चौक, आणि चौकाभोवतीची ओसरी, जेथे कुळे हिशोबासाठी येऊन बसत. लाकडी खांब थेट जमिनीत रोवलेले नसून दगडी तळखड्यावर उभे असतात, त्यामुळे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोहोचत नाही. सागवान दीडशे वर्षे टिकले त्याचे हे एक कारण. कोनाड्याच्या वरची काजळी, उंबरठ्याची झिजलेली मधली बाजू, विहिरीच्या काठावर दोराने पडलेले खाचे यांच्याकडे लक्ष द्यावे. छपरावर कुंभाराने घडवलेले अर्धगोल देशी कवेलू असतील तर ते दर उन्हाळ्यात फेरावे लागतात. हे काम करणारी माणसे आता सापडत नाहीत, आणि वाडे गळू लागतात ते बहुधा येथून. माजघर आणि स्वयंपाकघर यजमानांनी नेले तरच पाहावे.

काही प्रश्न विचारू नयेत. नक्षीच्या खांबाची किंवा जुन्या पितळी भांड्याची किंमत कधीही विचारू नये. कोरीव चौकटी आणि खांब विकत घेणारे दलाल या गावांतून फिरत असतात, आणि एका प्रश्नाने आपण त्यांच्यातलेच ठरतो. वाटणीचा विषय काढू नये. त्याऐवजी ‘लग्न होऊन आलात तेव्हा घरात किती माणसे होती?’ असे काकूंना विचारावे. या एका प्रश्नावर मी तास-दीड तास ऐकत बसलो आहे.

रामटेक सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. गडमंदिर पाहून लगेच परतू नये; केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेख पाहावा आणि खाली उतरून अंबाळा तलावाच्या घाटांवर एक फेरी मारावी. जवळच्या नगरधनलाही त्याच दिवशी जाता येते. पवनीला वैनगंगेचे घाट आणि जुन्या तटाचे अवशेष आहेत. चंद्रपूर मात्र एका दिवसात उरकू नये. गोंड राजांच्या परकोटाचे जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चारही दरवाजे आणि राणी हिराईने बांधवलेली बीरशहाची समाधी पाहायची तर शनिवारी मुक्काम हवाच.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या सगळ्यासाठी योग्य आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा वृद्ध यजमानांना पाहुणे नकोसे होतात आणि ते योग्यच आहे. सोबत पाणी, टोपी, वही आणि बॅटरी असावी. जुन्या माड्यांवर उजेड नसतो आणि प्रत्येक फळी भार पेलेलच असे नाही, म्हणून यजमानांना विचारूनच वर चढावे.

खाजगी घरातील फोटो परवानगीने काढले तरी ते सगळ्या जगासाठी टाकू नयेत, विशेषतः कुलुपे, देवघर आणि मागची दारे दिसणारे. त्यांच्या छापील प्रती काढून घरच्यांना पाठवाव्यात. ज्या वाड्यात मी भर दुपारी कडी वाजवली होती, तेथे पुढच्या हिवाळ्यात रीतसर निरोप देऊन गेलो तेव्हा ओसरीच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या जुन्या तसबिरीखाली मी पाठवलेला चौकाचा फोटो चौकटीत लावलेला होता, आणि काकाजींनी त्या दिवशी मला आपण होऊन धान्याची कोठी उघडून दाखवली.