बॅकअप रात्री 2 ला लावला, मग भलत्याच वेळी का चालतो?

आधी सेटिंग्जमध्ये खुडबुड करू नका, सर्व्हरवर डेट (date) कमांड मारा आणि मग तीच डॉकर कंटेनरच्या (ज्या बंदिस्त डब्यात ॲप चालतं त्याच्या) आत जाऊन मारा, वेळ वेगळी दिसली की चोर सापडला. डॉकरचे बहुतेक कंटेनर यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळ) चालतात, होस्टची म्हणजे मूळ सर्व्हरची वेळ काहीही असो, आणि शेड्यूल कंटेनरमधल्या क्रॉनकडे (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) असेल तर तो तिथलंच घड्याळ बघणार ना. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंग्जची फाइल) टीझेड (TZ, म्हणजे टाइमझोन) व्हेरिएबल द्या, खंड आणि शहर असं पूर्ण नाव, जसं Asia/Kolkata, तीन अक्षरी शॉर्टफॉर्म नको, आणि कंटेनर परत तयार करा (नुसत्या रीस्टार्टने नवीन व्हेरिएबल लागू होत नाही, मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीय). तरी फरक नाही? मग इमेजमध्ये (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) टीझेडडेटा (tzdata, टाइमझोनची माहिती) पॅकेज नसणार, अल्पाइन या छोट्या लिनक्सवाल्या इमेजमध्ये हे नेहमीचंच, एरर पण येत नाही, गपचूप यूटीसी.

होस्टचा टाइमझोन बदललात तर क्रॉन सर्व्हिस रीस्टार्ट करा. आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे आणि नंतर परत मागे करतात तिथे पहाटे 1 ते 3 मधला जॉब एखाद्या दिवशी गाळला जाऊ शकतो किंवा दोनदा चालतो, म्हणून मी तर सगळं सरळ यूटीसीवरच ठेवतो, फाइलच्या नावातली वेळसुद्धा.