किटलीतला चहा: कडक, पण कडू नव्हे

पातेल्यात उकळून केलेल्या चहाची सवय असलेल्या माणसाला किटलीत मुरवलेला चहा बरेचदा पांचट तरी लागतो किंवा कडू तरी. याचे कारण बहुधा एकच असते: चहा कडक व्हावा म्हणून तो पत्ती वाढवण्याऐवजी वेळ वाढवतो. गरम पाण्यात पत्ती पडली की रंग, सुगंध आणि कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच मोठ्या प्रमाणात उतरतात. त्यानंतर पत्ती पाण्यात जितकी रेंगाळेल तितका तुरटपणा वाढत जातो. म्हणून दाट चहा हवा असेल तर पत्ती थोडी जास्त घ्यावी, मुरण्याची वेळ मात्र तीच ठेवावी.

पाणी ताजे घ्यावे. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियममुळे चहावर पातळ, तेलकट दिसणारा तवंग धरतो. कप हलवला की त्याला तडे जातात आणि त्याचे तुकडे कपाच्या कडेला तपकिरी रेघ होऊन चिकटतात. यात चहापत्तीचा काहीच दोष नसतो, आणि गाळलेले मृदू पाणी वापरले की ही तक्रार बहुतांशी मिटते.

थंड किटलीत उकळते पाणी ओतले तर त्याची उष्णता भांडेच शोषून घेते, म्हणून आधी थोडे गरम पाणी घालून किटली आतून फिरवून घ्यावी आणि ते पाणी फेकून द्यावे. मग साधारण 200 मिलिलिटर पाण्याला 2 ते अडीच ग्रॅम या हिशेबाने पत्ती घालावी. चमच्याचे माप येथे फसवे ठरते, कारण बारीक दाणेदार पत्तीचा एक चमचा मोठ्या, सैल पानांच्या एका चमच्यापेक्षा कितीतरी जड भरतो. लहान वजनकाटा असेल तर निदान सुरुवातीला तरी तो वापरावा. चहाची पारख करणाऱ्यांसाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम पत्ती घेऊन ती 6 मिनिटे मुरवायला सांगितली आहे, परंतु ते पारखण्यासाठी ठरवलेले माप आहे, घरी निवांत पिण्यासाठी कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये.

काळ्या चहाला खळखळून उकळलेलेच पाणी लागते. मोठ्या पानांचा चहा 3 ते 5 मिनिटे मुरू द्यावा. बारीक दाण्यांना 2 ते 3 मिनिटे पुरतात, कारण त्यांचा पाण्याशी संपर्क अधिक येतो. हिरव्या चहाला मात्र 70 ते 80 अंश सेल्सिअसचे पाणी आणि 2 मिनिटांच्या आसपासचा वेळ योग्य, कारण उकळत्या पाण्याने तो कडवट होतो. तापमापक नसेल तर उकळलेले पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतत जावे. दर खेपेला ते काही अंशांनी उतरते. ऊलाँग या दोहोंच्या मधला, म्हणून त्याला 85 ते 95 अंश चालतात, आणि त्याची चांगली पाने दुसऱ्या, तिसऱ्या पाण्यालाही चव देतात.

वेळ झाली की सगळा चहा ओतून घ्यावा. ओततानाही थोडे भान हवे: किटलीत वरचा चहा फिका आणि तळाचा दाट असतो, म्हणून एकेक कप काठोकाठ न भरता सर्व कपांत थोडाथोडा, आलटून पालटून ओतावा. उरलेला चहा पत्तीसकट किटलीत ठेवू नये, दुसऱ्या तापवलेल्या भांड्यात गाळून ठेवावा.

दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, त्यामुळे दाट काळ्या चहात दूध शोभते आणि नाजूक हिरव्या चहात चव झाकून टाकते. लिंबू पिळल्यास आम्लतेमुळे काळ्या चहाचा रंग चटकन उजळतो. दूध घातलेल्या चहात मात्र ते पिळू नये, दूध फाटते. साखर घालण्यापूर्वी एक घोट तसाच घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी पत्ती कमी करायची की वेळ, हे जिभेलाच कळते.

पत्ती हवाबंद, अपारदर्शक डब्यात आणि मसाल्यांपासून दूर ठेवावी, कारण ती आजूबाजूचा वास सहज धरते. किटलीच्या आत साचलेला तपकिरी थर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून काही वेळ ठेवल्यावर निघतो; सुगंधी साबण शक्यतो टाळावा.